थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलल्यावर टीएसएच वाढलं, मदत हवी आहे

आई, वय ६८. बरीच वर्षं लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम घेतेय. टीएसएच (थायरॉइडचं औषध कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा) कायम तीनच्या आत. जूनमध्ये नेहमीची गोळी मिळाली नाही. "कंटेंट तोच आहे, काही फरक पडत नाही," म्हणत दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. ऑगस्टच्या रिपोर्टात टीएसएच ८.९! चेहरा सुजल्यासारखा, दिवसभर मरगळ, दुपारीसुद्धा दुलई. डॉक्टरांनी डोस ८८ करायला सांगितलाय.

डोस वाढवायला हरकत नाही, पण गोळीतच औषध कमी असेल तर? यात मूळ औषध चिमटीतही येणार नाही एवढंसं, बाकी सगळा लॅक्टोज, स्टार्च वगैरे भराव. ते लाखो गोळ्यांत सारखं मिसळायचं. शिवाय ऊन, ओल, उजेड काही सोसत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियंत्रक संस्था) २००७ साली एक्सपायरीपर्यंत ९५ ते १०५ टक्के औषध असायलाच हवं असा नियम केला.

बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. बॅच, तारखा, परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता मिळाला. मूळ औषध (एपीआय) कुठून आलं, ते कसं कळेल? आणि ही बाटली कुठे तपासून मिळते का?

बाकी औषधं: बीपीची गोळी आणि जुलैपासून कॅल्शियम. सगळ्या सकाळी एकदमच घेते, विसरायला नको म्हणून.

प्रतिसाद:
ताई, मी एपीआयच्या कारखान्यात क्वालिटीला होतो, तरी म्हणतो, आधी कॅल्शियम बघा. ते पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहासुद्धा नंतर. कॅल्शियमचं डॉक्टरांना आजच सांगा, ८८ सुरू करायचं का ते त्यांना ठरवू दे. वेळा बदलल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी खरा आकडा येत नाही.

एपीआयचा पत्ता तुम्हाला मिळणं कठीण. २०२३ पासून एपीआयच्या पॅकिंगवरही क्यूआर कोड सक्तीचा आहे, पण ते ड्रम गोळ्यांच्या कारखान्यातच राहतात. बाटली मात्र तपासून घेता येते. औषध कायद्याच्या कलम २६ नुसार कोणताही ग्राहक फी भरून सरकारी विश्लेषकाकडे औषध देऊ शकतो. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (आपल्याकडची एफडीए) कार्यालयात विचारा. बिल आणि उरलेल्या गोळ्या फेकू नका.