चाउशेस्कूच्या काळावरचे रोमानियन चित्रपट: प्रेक्षकांना आधी काय सांगावं?

रानवेल:
फिल्म क्लबसाठी क्रिस्टियान मुंजिऊचा '४ महिने, ३ आठवडे, २ दिवस' ठरलाय. पण त्यात ना रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू दिसत, ना कुणी त्याच्याबद्दल बोलत. बघणाऱ्यांना ही नुसतीच दोन मैत्रिणींची दुःखद कथा वाटेल अशी भीती आहे. आधी काय सांगावं? आणि जोडीला कोणता चित्रपट ठेवावा?

घडीव:
तिथे राज्यसत्ता दिसते ती नियमांमधून, म्हणून नियम सांगा. १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या अध्यादेशाने, मोजके अपवाद सोडता, गर्भपातावर बंदी आली. राजवट कोसळताच, १९८९ च्या डिसेंबरातच ती उठली. कथा १९८७ ची आहे. शीर्षकातले आकडे गर्भाच्या वयाचे. गर्भपात करून घेणारी गाबित्सा ते कमी सांगते, आणि इतके दिवस भरल्यावर हा खुनाचा गुन्हा होतो असा धाक घालून चोरून गर्भपात करणारा बेबे तिला आणि तिची मैत्रीण ओतिलियाला कोंडीत पकडतो. हॉटेलात ओळखपत्र द्यावं लागतं, त्यामुळे खोली घेणं हेच मोठं जोखमीचं काम. केंट सिगारेटची पाकिटं म्हणजे तिथलं दुसरं चलन, हेही सांगा. नाहीतर सिगारेटसाठीची खटपट कशासाठी ते कळत नाही.

जेवणाच्या टेबलाचं दृश्य मात्र समजावून सांगू नका. कॅमेरा हलत नाही, ओतिलिया मधोमध अडकलेली, भोवती पाहुण्यांच्या गप्पा चालूच. पार्श्वसंगीतही नाही. प्रेक्षकांची चुळबुळ सुरू होते ती इथेच, आणि ती व्हायलाच हवी. म्हणून मध्यंतर घेऊ नका, ताण तुटतो.

पाणवठा:
जोडीला कोर्नेलिऊ पोरुंबोइऊचा २००६ चा चित्रपट घ्या. मूळ रोमानियन नावाचा अर्थ 'झाली की नाही झाली?', इंग्रजी नावात १२:०८ ही वेळ आहे. २२ डिसेंबर १९८९ ला त्या वेळी चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाला. वासलुई या छोट्या रोमानियन शहराच्या चौकात माणसं त्याआधी जमली असतील तर गावात क्रांती झाली, नंतर जमली असतील तर तो नुसता जल्लोष! उत्तरार्धात टीव्हीच्या टेबलामागे बसलेली तीन माणसं यावरच वाद घालतात. १२:०८ चा संदर्भ माहीत नसेल तर सगळा विनोद वाया जातो, आणि उपशीर्षकं सुमार असली तरी तेच.

त्यासाठी आधी फारोकी-उजिका यांच्या १९९२ च्या माहितीपटातला २१ डिसेंबरच्या भाषणाचा तुकडा दाखवा. गर्दीतून आवाज उठतो, चाउशेस्कू हात वर करून गोंधळून बघत राहतो आणि थेट प्रक्षेपण तुटतं. याहून चांगली प्रस्तावना मिळणार नाही.

तळटीप:
दोन्ही निवडी उत्तम, पण एवढ्यावरच थांबलात तर 'दोष एकट्या चाउशेस्कूचा, बाकी सगळे बिचारे' असा समज होईल. मला तो फार खटकतो. म्हणून शेवटी राडू जूडचा २०१८ चा चित्रपट ठेवा. १९४१ मध्ये, म्हणजे चाउशेस्कूच्या सत्तेच्या खूप आधी, रोमानियन सैन्याने ओदेसात (आजच्या युक्रेनमधलं शहर) ज्यूंची कत्तल केली. तो प्रसंग बुखारेस्टच्या चौकात उभा करू पाहणाऱ्या दिग्दर्शिकेची ही गोष्ट. २००४ च्या अधिकृत आयोगाने रोमानिया आणि त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांत मारल्या गेलेल्या ज्यूंचा आकडा २,८०,००० ते ३,८०,००० दिला आहे. तो आधी सांगा. शेवटी चौकातली गर्दी टाळ्या वाजवते, हे मात्र सांगू नका.