मदत हवी आहे: शाळेतला विज्ञानाचा कार्यक्रम आणि शस्त्रं बनवणारी कंपनी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या शाळांचा कारभार माहीत असणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

लेक इयर सिक्समध्ये आहे. नुकताच शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम झाला, आणणारी कंपनी लढाऊ विमानं बनवणारी. कार्यक्रम झकास होता, हे आधीच सांगते. हेअर ड्रायरच्या झोतावर पिंगपाँगचा चेंडू तरंगवला, पोरं बेहद्द खूश. जाताना प्रत्येकाला पेन्सिल आणि विमानाचं पोस्टर. त्यात पंखांखाली लांबुळकी नळकांडी दिसतात. लेकीने विचारलं तर उत्तर मिळालं, "जादा इंधनाच्या टाक्या." एकदोन असतीलही. बाकीची क्षेपणास्त्रं आहेत हे मी घरी सांगितलं. "मग त्यांनी का नाही सांगितलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शोधलं तर हे एका शाळेपुरतं नाही. २००९ पासून भरणाऱ्या 'बिग बँग' या मुलांच्या विज्ञानमेळ्याला बीएई सिस्टिम्स या ब्रिटनच्या शस्त्रास्त्र कंपनीने अनेक वर्षं प्रायोजकत्व दिलंय. याच कंपनीची टायफून विमानं सौदीने २०१५ पासून येमेनच्या युद्धात वापरली. त्या शस्त्रविक्रीचे परवाने देण्याची सरकारची पद्धत बेकायदा असल्याचा निकाल २०१९ मध्ये इथल्याच अपील कोर्टाने दिला; २०२० मध्ये सरकारने परवाने पुन्हा सुरू केले. यातलं अवाक्षर दहा-अकरा वर्षांच्या पोरांना सांगा असं मी म्हणत नाही. पण विमान कशासाठी आहे हे लपवून त्याचं पोस्टर वाटायचं, हे मला पटत नाही.

घरात पाठिंबा शून्य. सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. "त्याच पगारावर तुझा नवरा इंजिनीअर झाला," म्हणाले. खोटं नाही ते. नवऱ्याचं म्हणणं, आपण व्हिसावर आहोत, नसती उठाठेव नको.

पत्र हेडना (मुख्याध्यापकांना) लिहू की गव्हर्नरांना (शाळेच्या नियामक मंडळाला)? आणि विज्ञानाचे कार्यक्रमच बंद होऊ नयेत यासाठी काय सुचवू?

---

प्रतिसाद: खडूफळा

ताई, आधी हेडना, मग गव्हर्नरांना. १९९६ च्या एज्युकेशन ॲक्टचं कलम ४०७ वाचा: राजकीय विषय मुलांसमोर आला तर विरोधी मतंही समतोलपणे मांडली जावीत, अशी जबाबदारी आहे. शाळा म्हणेल, हे राजकारण नाही, इंजिनीअरिंग आहे. त्यामुळे नुसत्या कलमावर विसंबू नका. 'पाहुणे ठरवताना शाळा काय निकष लावते, ते कळवाल का?' एवढंच लेखी विचारा. लेखी प्रश्नाला सहसा लेखी उत्तर येतं. व्हिसाचं म्हणाल तर पालकाने शाळेला पत्र लिहिणं यात गैर काही नाही.

प्रतिसाद: मुळामुठा

'सायंटिस्ट्स फॉर ग्लोबल रिस्पॉन्सिबिलिटी' ही शास्त्रज्ञांचीच संस्था या विषयावर काम करते, त्यांचं लिखाण जोडा. पर्याय म्हणून स्टेम ॲम्बॅसिडर सुचवा, म्हणजे शाळांत येणारे विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातले स्वयंसेवक, ते फुकट येतात. मात्र त्यातले काही याच कंपन्यांतले असतात (!), तेव्हा कोण येणार ते आधी विचारा. सासऱ्यांशी मात्र वाद घालू नका, त्यांना मसुदा वाचायला द्या. नळकांडी ओळखणारा घरात तोच एक माणूस आहे.

---

दोघांचेही आभार. निकषांचा प्रश्न आवडला, तोच पहिला घेते. सासऱ्यांना पोस्टर दाखवलं. चष्मा लावून म्हणाले, मधली टाकी, बाकी सगळा माल. मसुदा उद्या इथेच टाकते, बिनधास्त चिरफाड करा.