भूल दिलेली घार रात्रभर जागी, सकाळी पेंगते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धायरीत मांज्यात अडकलेली घार आमच्याकडे आली. आम्ही म्हणजे वनविभागाच्या १९२६ वर कळवून जखमी पक्षी सांभाळणारे चार-पाच जण. डाव्या पंखाची कातडी कापली होती, हाड शाबूत. डॉक्टरांनी केटामीन आणि झायलाझीनची भूल देऊन टाके घातले. नंतर झायलाझीनवर योहिम्बीनचा उतारा दिला (केटामीनला उतारा नाही). तासाभरात घार उभी राहिली, दुसऱ्या दिवशी चिकनही खाल्लं.

आज आठवा दिवस. जखम छान भरतेय, घोर लागलाय तो वेगळाच. रात्री मोबाइल लावून चित्रण केलं, तर बाईसाहेब पहाटे अडीचला दांडीवर येरझाऱ्या घालताहेत, पिसं साफ करताहेत. आणि सकाळी नऊला, बाहेरच्या घारी घिरट्या घालत वर चढतात तेव्हा, हिची खालची पापणी वर सरकलेली, मान खांद्यात.

मला भुलेचा संशय येतोय. ऑकलंडच्या संशोधकांनी मधमाश्यांना दिवसा सहा तास आयसोफ्लुरेनची भूल दिली, तर त्यांचं अंगातलं घड्याळ मागे पडलं. रात्री दिली तेव्हा पडलं नाही (२०१२). पण कुठे मधमाशी, कुठे घार! शिवाय आमची भूल जेमतेम अर्ध्या तासाची. आठ दिवस परिणाम टिकेल का? भुलेनंतर पक्ष्यांच्या झोपायच्या-उठायच्या वेळा कुणी टिपल्यात का? आणि हिला सोडायचं कधी?

प्रतिसाद १: रात्री पिंजरा कुठे असतो?

धागाकर्ता: सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ट्यूब रात्रभर चालू, बंद करू देत नाहीत. वर ओढणी टाकतो.

प्रतिसाद १: मग आधी ट्यूबवर संशय घ्या. पक्ष्यांना उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून आत झिरपलेला उजेडही मेंदूतल्या पेशी टिपतात. ओढणीने काय होणार? पाच-सहा रात्री मिट्ट काळोख आणि सकाळी उघड्यावरचं ऊन द्या. त्यानंतरही वेळ चुकत असेल तर भुलेचं बघू. सकाळी आपणहून ताजीतवानी होईपर्यंत सोडू नका, पेंगणाऱ्या घारीला कावळे सोडत नाहीत.

धागाकर्ता: पटलं. आजच पिंजरा जिन्याखालच्या खोलीत हलवला, वर घोंगडी. रोजच्या वेळा इथे टाकत जाईन. आणि हो, भूल दुपारी दोनला दिली होती, ते वर लिहायचं राहिलं.