किरगिझ लोक नावापुरतेच मुसलमान का?

उनाडपाखरू
भाचा बिश्केकला, किरगिझस्तानच्या राजधानीत, एमबीबीएस करतोय, चौथं वर्ष. त्याच्या घरमालकीणबाईंचं ऐका. नमाज नाही, रोजे नाहीत, मुलाच्या वाढदिवसाला व्होडका उघडली आणि जेवण उरकल्यावर सगळ्यांनी, टुन्न झालेल्या काकांसकट, तळवे वर धरले, तोंडावरून फिरवले, 'ओमीन' म्हणाले आणि उठले. गुरुवार-शुक्रवार आला की बाई तेलात बोरसोक तळतात, म्हणजे कणकेचे फुगीर चौकोनी तुकडे, खाण्यापेक्षा तळणीचा वास घरच्या गेलेल्या माणसांना पोचावा म्हणून. मग त्यावर थोडं कुराण. मला तर हे सरळसरळ तेंगरी (जुना आकाशदेव) आणि पितर वाटतं, वरून इस्लामचा पातळ थर. ९० टक्के मुस्लिम देश वगैरे कागदावर. पटत नसेल तर खोडा.

खडीसाखर
थर पातळ की जाड हे मोजायचं कुणी, तुम्ही की भाच्याने? त्या बाईंना विचारा तुम्ही कोण, त्या मुसलमान म्हणणार. आपल्याकडे उरुसाला संदल काढणारा माणूस नावापुरता मुसलमान होतो का? आणि हे वरवरचं असतं तर १००० वर्षं टिकलं नसतं. दक्षिण किरगिझस्तानातल्या उझगेनचा मिनार आणि मकबरे बघा, काराखानी या मुस्लिम तुर्की राजघराण्याच्या काळातले, ११व्या-१२व्या शतकातले.

पानगळ
@खडीसाखर, घाई झाली. काराखानी म्हणजे किरगिझ नव्हेत हो! त्या काळात किरगिझ मुख्यतः तिकडे सायबेरियात येनिसेई नदीकाठी होते, ८४० मध्ये उइगुरांची सत्ता उलथवली ती तिथूनच. तिएनशानच्या डोंगरांत, म्हणजे आजच्या किरगिझस्तानात, ते हळूहळू सरकत आले, १५व्या-१६व्या शतकापर्यंत. त्यानंतर नक्षबंदी ख्वाजा म्हणजे सूफी गुरू आले, आणि उत्तरेला नारिन-इस्सिककुलकडे तर धर्माचा खरा जोर १९व्या शतकात, फर्गाना खोऱ्यातलं कोकंद खानत (खानाचं राज्य) तिथपर्यंत पोचल्यावर. उनाडपाखरूंचं बरोबर आहे. झारच्या काळातले रशियन लोकही लिहून गेलेत की किरगिझांना धर्माचं फारसं काही माहीत नाही, शमनच जास्त चालतात.

गावकुसाबाहेर
इथेच तर सगळे फसतात. झारचे रशियन 'किरगिझ' कुणाला म्हणायचे? कझाकांना! आजच्या किरगिझांना ते 'कारा-किरगिझ' म्हणायचे, १९२४ साली सोव्हिएतांनी केलेल्या प्रांताचं नावसुद्धा कारा-किरगिझ स्वायत्त प्रांत. म्हणजे निम्मे उतारे शेजाऱ्याचे आणि आपण ते ह्यांच्या नावावर खपवतोय. शिवाय मशीद दिसली नाही की धर्म नाही, ही शेतकरी-शहरी माणसाची नजर. मेंढरं घेऊन उन्हाळ्यात जायलूवर, म्हणजे डोंगरातल्या कुरणावर, जाणारा माणूस मशीद कुठे बांधणार? मोल्डो (मुल्ला) येतो, जनाजा, निकाह, सुंता उरकतो, झालं.

एक गोष्ट मात्र कबूल, किरगिझ म्हणजे मुसलमान हे समीकरण शंभर टक्के नाही. चीनच्या शिनच्यांगमध्ये एमिनकडे तिबेटी बौद्ध पंथाचे किरगिझ आहेत.

ओशवाली
मी ओशला, दक्षिणेतल्या शहरात, शिकले, सहा वर्षं काढली. तुम्ही सगळे बिश्केकवरून देश मोजताय. दक्षिणेत फर्गाना खोरं, उझबेक शेजारी, शुक्रवारी रस्ता भरतो. पण त्याच ओशमध्ये सुलेमान-तू डोंगरावर एक कलता दगड आहे, बायका मूल व्हावं म्हणून त्यावरून घसरत खाली येतात, इतक्या पिढ्या घसरल्यात की दगड आरशासारखा गुळगुळीत झालाय. मी पण घसरले, परीक्षेसाठी 😄 (पास झाले.) सोव्हिएतांनी तिथल्या गुहेत म्युझियम थाटलं, तरी बायका यायच्या थांबल्या नाहीत. आता त्यांना अडवतात कोण, तर नवे धार्मिक तरुण! आमच्या वर्गातली एक किरगिझ मुलगी आजीला सांगायची की बोरसोकच्या वासाने कुणाला काही पोचत नाही, हे शिर्क आहे, अल्लाशिवाय दुसऱ्याला मानणं. आजी म्हणायची, मी सोव्हिएत काळात लपून बाता (तळवे वर धरून दुआ) दिली, तू मला धर्म शिकवणार?

खडीसाखर
@ओशवाली, हेच म्हणत होते मी. उझगेनबद्दल पानगळ यांचं मान्य, चूक झाली. पण 'खरा मुसलमान नाही' हे आजीला कोण म्हणतंय बघा, ती नात आणि उनाडपाखरू, दोघं एकाच बाकावर.

पानगळ
पण नातीसारखे वाढतायत ना? १९९१ ला देशात ३९ मशिदी होत्या, आज दोन हजारांच्या वर. तबलीगवाले धर्मप्रचारक, ज्यांचं मूळ आपल्या दिल्लीच्या निजामुद्दीनला, तिथे 'दावतची' म्हणून गावोगाव फिरतात, शेजारच्या देशांत बंदी असताना इथे वर्षानुवर्षं मोकळीक होती. २०१६ ला रस्त्यावर बोर्ड लागले, एका बाजूला पांढऱ्या पारंपरिक पोशाखातल्या बायका, दुसरीकडे काळ्या नकाबातल्या, वर लिहिलेलं 'बिचारी जनता, कुठे चाललोय आपण'. आणि २०२५ पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकला तर २०,००० सोम (तिथलं चलन) दंड. नावापुरत्या धर्माला एवढं घाबरतात होय?

गावकुसाबाहेर
मशिदी वाढल्या हे खरंच, पण देशात मुसलमानांची टक्केवारी वाढली त्यात मशिदींचा हात कमी. १९८९ च्या जनगणनेत किरगिझ ५२ टक्के आणि रशियन २१ टक्क्यांच्या वर होते, जर्मनच लाखभर. सोव्हिएत युनियन फुटली, रशियन-जर्मन निघून गेले, किरगिझांची पोरं जास्त, आज रशियन पाच टक्क्यांच्या आसपास. कुणी कलमा न पढताही देश जास्त मुस्लिम झाला. आणि धर्म एक म्हणून माणसं एक होतात असंही नाही, १९९० आणि २०१० ला ओशमध्ये किरगिझ आणि उझबेक एकमेकांवर तुटून पडले, दोघं एकाच सुन्नी हनफी पंथाचे.

उनाडपाखरू
बरं, 'नावापुरते' मागे घेतो, 'पातळ थर' मात्र नाही घेणार. भाच्याला सांगितलंय, बाईंनाच विचार. त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, आधी दोन महिन्यांचं भाडं दे, मग सांगते.