एकाच टाकीत दोन अ‍ॅक्सोलॉटल: धाकट्याचा पंजा तुटलाय, खाणं वाढवू का?

टाकी_सोलापूर: ३ × १.२५ × १.२५ फुटांची टाकी, स्पंज फिल्टर, तळ मोकळा. एक अ‍ॅक्सोलॉटल १४ सेंमी, दुसरा ९ (कायम पाण्यात राहणारे, पालीसारखे दिसणारे उभयचर). रोज संध्याकाळी बुडणारे पेलेट (खाद्याच्या गोळ्या) टाकतो. काल धाकट्याचा पुढचा डावा पंजा मनगटापासून गेलेला दिसला, कल्ल्यांची (डोक्यामागचे पिसांसारखे झुपके, त्यांनी श्वास घेतात) टोकंही कुरतडलेली. भांडताना मात्र कधी दिसत नाहीत. मोठा उपाशी राहतोय का? पाणी २३ अंश.

गार_पाणी: आधी दोघांना वेगळं करा, खाण्याचं मग बघू. हे भांडण नव्हेच. यांची नजर अधू असते. तोंडाजवळ काही हललं की झटक्यात जबडा उघडून पाण्यासकट आत ओढायचं, एवढंच त्यांना कळतं. हलणारा कल्ला काय नि गांडूळ काय, मोठ्याला सारखंच. पेलेट पसरून टाकले की दोघंही वासावर एकाच जागी घुटमळतात आणि चावे नेमके तेव्हाच बसतात. त्यामुळे नुसतं खाणं वाढवून हे थांबणार नाही, उलट उरलेले पेलेट कुजून अमोनिया चढेल. दोघंही १५ सेंमीच्या पुढे आणि अंगाने सारखे होईपर्यंत एकत्र नकोतच.

धाकट्याला ५-६ लिटरच्या टबात ठेवा. क्लोरीन काढलेलं, टाकीइतकंच गार पाणी, रोज पूर्ण बदलायचं. पंजा परत येतो. या वयात साधारण एक-दोन महिन्यांत. जखमेवर कापसासारखा पांढरा थर दिसला तरच मिठाचं पाणी करा: लिटरला २ चहाचे चमचे आयोडीन नसलेलं मीठ, १० मिनिटं, दिवसातून दोनदा. जास्त वेळ ठेवलं तर कल्ले भाजतात.

गांडूळवाला: पेलेटपेक्षा गांडूळ केव्हाही चांगलं. जाडी डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा कमी हवी, नाहीतर तुकडे करा. धाकट्याला रोज, मोठ्याला सध्या रोज किंवा एक दिवसाआड. २० सेंमीच्या पुढे दोन-तीन दिवसांनी पुरतं. बोथट चिमट्यात धरून तोंडासमोर हळू हलवा. दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेलं मोठ्या ड्रॉपरने उचलून टाका.

आपल्याकडे गांडूळखतवाल्यांकडून मिळतात ती लाल, पट्टेवाली गांडुळं. त्यांच्या अंगातून पिवळट कडू रस सुटतो, म्हणून अ‍ॅक्सोलॉटल तोंडात घेऊन लगेच थुंकतो. लोकांना वाटतं भूक मेली! उकळत्या पाण्यात चार-पाच सेकंद बुडवून गार पाण्यात धुवा, बहुतेक वेळा खातो. रासायनिक खत-फवारणीच्या शेतातली मात्र अजिबात नकोत.

गार_पाणी: तापमानाचं राहिलंच. हा मेक्सिकोतल्या शोचिमिल्कोच्या गार पाण्यातला प्राणी, त्याला १६ ते १८ हवं. २३ म्हणजे कडेलोटाच्या जवळ. उबदार पाण्यात पचन जलद होतं, भूक आणि झडपा वाढतात. २४ च्या वर उलट खाणंच सुटतं आणि बुरशी धरते. कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक हुकासारखं वळलेलं, ही ताणाची खूण.

पाण्यावर पंखा लावला तर २ ते ४ अंश उतरतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, पावसाळ्यात फारसा नाही. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडल्यावर चिलरशिवाय (पाणी गार करणारं यंत्र) भागत नाही. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान खालीवर होतं, तेही वाईट. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून बदलायचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून घेतलं जातं. ते दुपारी कढत असतं. आदल्या रात्री घरात भरून ठेवा, अँटीक्लोरीन घाला, थर्मामीटर लावूनच ओता.

टाकी_सोलापूर: धाकटा टबात गेला. पुढे टाकीतच मधे जाळी लावली तर?

गांडूळवाला: चालेल. भोकं ५ मिमीच्या आत हवीत, नाहीतर पंजा पलीकडे जातो आणि तिथेच चावा बसतो. जाळी तळापासून पाण्याच्या वरपर्यंत, कडेला फट नको. दोन्ही बाजूंना लपायला पाइपचा तुकडा ठेवा. आणि १८ सेंमीच्या आसपास शेपटीच्या बुडाशी फुगवटा येतो का बघत राहा. आला तर नर. जोडी निघाली तर जाळी काढायचीच नाही. मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते आणि नर तिला लागोपाठ थकवतो.