वाकळ हवी, माळ नको: असं चालतं का?

दोन्ही_गावची

मुलगा ९ वर्षांचा. यंदा पहिल्यांदाच आम्हा दोघांशिवाय ५ आठवडे सासरी, गावी राहिला. गाव फलटण तालुक्यात. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं त्या चांदोबाच्या लिंबापासून फार लांब नाही. सासरे माळकरी, त्यांचे वडीलही माळकरी. संध्याकाळी देवळात हरिपाठ चुकत नाही.

पोरगं परत आलं ते दोन वस्तू घेऊन. एक वाकळ. सासूबाईंची दोन जुनी लुगडी, आबांचं धोतर आणि मधे याचाच बालवाडीतला निळा शर्ट. वाकळ काठाकडून टाके घालत आत आत शिवत नेतात. एका बाजूला सासूबाई बसायच्या, समोर हा. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, याचे काही ठिकाणी भुईमुगाच्या शेंगेएवढे. एका कोपऱ्यात सुई टोचली तिथला तपकिरी ठिपका आहे, तो आल्यागेल्याला दाखवून झालाय. मोबाइलशिवाय दहा मिनिटं न बसणारा मुलगा रोज दुपारी तास-तास शिवत होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

दुसरी वस्तू गळ्यातली तुळशीची माळ. पहिल्याच रात्री ताटात अंडं वाढलं तर म्हणतो, "मी आता माळकरी आहे."

माझं माहेर मालवण. दर दिवाळीत माझी आई याला बांगड्याचा काटा कसा काढायचा ते शिकवते. पाठीकडून बोट घालून अख्खा काटा एकदम उचलायचा. फोन रोज होत होता, पण माळेचं मला कुणी विचारलं नाही की सांगितलंही नाही. नवरा म्हणतो, राहू दे, आठ दिवसांत उतरवेल. मला मात्र हे पटत नाहीये. की मीच जास्त ताणतेय?

रोखठोक_पुणेरी

अजिबात ताणत नाही आहात. ९ वर्षांच्या मुलाला माळ म्हणजे काय ते कळतं का? मांसाहार बंद, एकादशी, वर्षाची वारी, हे सगळं त्यात येतं. पोरानं "हो" म्हटलं त्याला संमती म्हणत नाहीत. आजोबांचा जीव आहे म्हणून तो म्हणाला. उद्या आजोबा म्हणाले विहिरीत उडी मार, तर मारेल. (पोहायलाही असंच शिकवतात म्हणा गावाकडे.)

निवृत्त_मास्तर

मी ६८ वर्षांचा आजोबा आहे, त्यामुळे पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो.

तुम्हा लोकांना आजी-आजोबा हवेत ते उन्हाळी शिबिरासारखे. पाच आठवडे सांभाळा, आंबे घाला, गोष्टी सांगा, एखादी हस्तकला शिकवा, पण तुमचा देव तेवढा कपाटात ठेवा. कसा ठेवायचा? ज्या माणसाचा दिवस काकड्यानं सुरू होतो आणि हरिपाठानं संपतो, त्यानं नातवापुढे पाच आठवडे कोण म्हणून वावरायचं?

माझी मुलगी अमेरिकेत आहे. आम्ही तिकडे जातो तेव्हा नात इंग्रजीत बोलते, मी मराठीत, दोघंही हातवारे करतो. गेल्या खेपेस माझ्या बायकोनं तिला फुलवाती शिकवल्या. कापसाची पाकळी पसरायची, मधे बारकी गोळी ठेवायची, कडा वर गोळा करायच्या आणि बोटांना दुधाचा हात लावून टोक पिळायचं. दूध जास्त झालं की वात बसते, कमी झालं की टोक फुलतं. नातीच्या पहिल्या वीस-एक वाती कोबीच्या गड्ड्यासारख्या झाल्या. पण त्या दोघींमध्ये जे बोलणं झालं ते आधीच्या चार वर्षांत झालं नव्हतं. आता सांगा, ती हस्तकला होती की धर्म? वात शिकवायची आणि ती कुणापुढे लावायची ते सांगायचं नाही, हे मला जमणार नाही.

काळा_कोट

भावना बाजूला ठेवून एक मुद्दा. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम १४ मध्ये मुलाला विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य आहे. ते वापरताना मुलाला दिशा देण्याचा हक्क आणि कर्तव्य आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकांचं. आजोबा त्या कलमात नाहीत. धागाकर्तीला विचारायला हवं होतं, विषय संपला.

निवृत्त_मास्तर

वकीलसाहेब, त्याच कराराचं कलम ५ पण वाचा. तिथे आई-वडिलांबरोबर, स्थानिक रूढीप्रमाणे, विस्तारित कुटुंबातल्या माणसांचाही उल्लेख आहे. नागरिकशास्त्र शिकवलंय ३१ वर्षं.

काळा_कोट

"जिथे लागू असेल तिथे" हे शब्द गाळलेत, मास्तर.

वसईचा_पाहुणा

मी वसईचा, ख्रिस्ती. आमच्याकडे मे महिना मारियामातेचा. गावागावात क्रुसापुढे संध्याकाळी माळेची प्रार्थना होते. माझी आजी आम्हा भावंडांना ओढत न्यायची. प्रार्थना संपल्यावर चणे मिळायचे, आम्ही खरं तर त्यासाठी जायचो. प्रार्थना मला आईनं नाही, आजीनं शिकवल्या, आणि तिच्या बोलीत शिकवल्या, म्हणून अजून तशाच येतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांसाठी ठेवलाय, तेव्हा आमच्या चर्चमध्येही या विषयावर बोलणं होतं.

पण एक फरक बघा. आजीनं मला सगळं शिकवलं, तरी माझा पहिला ख्रिस्तप्रसाद कधी, हे तिनं ठरवलं नाही. त्याला धर्मशिक्षणाचे वर्ग, आई-बाबांनी चर्चमध्ये जाऊन नाव देणं, असा सगळा रस्ता होता. शिकवणं वेगळं आणि दीक्षा देणं वेगळं. हरिपाठाला नेलं, उत्तम. माळ घातली तिथे फोन करायला हवा होता.

थोरली_जाऊ

सगळे आजी-नातवाच्या गोड नात्यावर लिहिताय. मी गावात राहणारी सून आहे. मे महिन्यात आमच्याकडे शहरातल्या दोन दिरांची मिळून पाच पोरं असतात. आजी वाकळ शिवतात, आजोबा गोष्टी सांगतात. भाकऱ्या कोण थापतं? पाणी कुणी शेंदायचं? कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक शिजवायचा, पहाटे उठून सोऱ्यानं घालायच्या. त्याचे फोटो तुम्ही "आजीसोबत कुरडया" म्हणून टाकता. आजी खाटेवर बसून कावळे हाकत असतात.

धागा भरकटवायचा नव्हता. पण पुढच्या सुट्टीत पोरं पाठवताना एवढं लक्षात ठेवा.

दोन्ही_गावची

@थोरली_जाऊ, तुमचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे धाकट्या जाऊबाईच सगळं करतात. मी फोनवर एकदाही त्यांना "थकला असाल" म्हटलं नाही. आज करते फोन.

माजी_माळकरी

मला सातव्या वर्षी माळ घातली. आजोबांनीच. तेव्हा फार भारी वाटलं होतं, भजनात टाळ मिळायचा, मोठी माणसं पाया पडायची. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडतात, लहान-थोर बघत नाहीत. सात वर्षांच्या पोराच्या पाया साठ वर्षांचा माणूस वाकून पडतो, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. जगात दुसरीकडे कुठे हे बघायला मिळालं नाही.

सतराव्या वर्षी होस्टेलवर गेलो. पहिल्या सहामाहीत अंडाभुर्जी खाल्ली. माळ आधी काढून उशीखाली ठेवली होती. ती रात्र मी झोपलो नाही. पुढची तीन वर्षं घरी जाताना एसटी स्टँडच्या मुतारीत माळ घालायचो आणि परत येताना काढायचो. आजोबा गेले तेव्हाही गळ्यात होती, म्हणजे त्यांच्यासाठी होती. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं.

माझं म्हणणं माळेविरुद्ध नाही. पण घालताना कुणीतरी सांगायला हवं होतं की उतरवायची वेळ आली तर लपवू नकोस, येऊन सांग, आम्ही रागावणार नाही. तेवढं तुमच्या सासऱ्यांकडून पोराला वदवून घ्या. बाकी सोडून द्या.

टवाळ

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मग श्रावण. मग गणपती. मग पितृपक्ष, मग नवरात्र. वहिनी, दिवाळीपर्यंत तुमचा मुलगा माळकरी असला काय नि नसला काय, फरक फक्त अंड्याचा आहे. एवढ्यावर धागा?

पिठलंभाकरी

मला एक सरळ प्रश्न पडलाय. तुमच्या आईनं मुलाला बांगडा खायला शिकवलं तेव्हा फलटणच्या आजोबांना विचारलं होतं का? घरात दोन पिढ्या माळ आहे, तिथल्या नातवाला मासे खायला घालणं हाही संस्कारच झाला ना? तुमचं माहेर ते "नॉर्मल" आणि सासर ते "लादणं", असं काहीतरी वाटलं मला वाचताना. वाकळ गोड वाटते कारण ती पलंगावर टाकून फोटो काढता येतो, तिच्यासाठी तुम्हाला काही सोडावं लागत नाही. माळेनं स्वयंपाक बदलतो, म्हणून ती खुपते.

रोखठोक_पुणेरी

@पिठलंभाकरी, मासे खाणं हा उद्या सकाळी सोडता येण्यासारखा प्रकार आहे. त्याला शपथ नाही, पाप नाही. माजी_माळकरी यांनी वर लिहिलंय तो अनुभव बांगडा सोडलेल्या कुणाला आलाय का? दोन्ही एका मापानं कसं मोजता? शिवाय वाढत्या वयात प्रथिनं.

पिठलंभाकरी

प्रथिनं आली का शेवटी! मटकी, हुलगे, शेंगदाणे खाऊन त्या भागातले पैलवान झालेत, दादा. आणि वारकऱ्यांची मुलं काय कुपोषित असतात? मुद्दा संपला की प्रथिनं येतात.

दोन्ही_गावची

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण @पिठलंभाकरी यांचा प्रतिसाद लागला. थोडा खरा होता म्हणून जास्त लागला.

काल पोराला शांतपणे विचारलं, आबांनी माळ केव्हा घातली? तर गोष्ट वेगळीच निघाली. आबांची माळ तुटली, देवळातून येताना ओट्यावर. मणी उखळाच्या मागे, चपलांत, कोंबडीच्या खुराड्याखाली गेले. तुटलेली माळ ओवून गळ्यात पडेपर्यंत आबा पाणीही घेत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना संध्याकाळचं कमी दिसतं. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तेव्हा यानं बॅटरी घेऊन एकेक मणी शोधला आणि वाकळीच्या सुईनं, वाकळीच्याच दोऱ्यानं ओवला. तुळशीच्या मण्याचं भोक बारीक असतं, सुई अडकते. ती मेण लावून ओढायची, हे त्याला शिवताना आलं होतं. १०८ मोजायचे तर १०५ भरले. तीन आबांच्या जुन्या माळेचे काढून घातले. रात्री साडेनऊला आबा जेवले. मग हाच म्हणाला, मलापण पाहिजे. आबा चार दिवस नाही म्हणाले, आईला विचार म्हणाले. यानं मला विचारलंच नाही, आणि आबांना सांगितलं की विचारलं.

म्हणजे खोटं माझ्या लेकानं सांगितलं. मी इथे भलत्याच माणसाला उभं केलं होतं.

रोखठोक_पुणेरी

गोष्ट छान आहे. तरीही आबांनी स्वतः एक फोन करायला हवा होता. ९ वर्षांच्या मुलाच्या शब्दावर कोण विसंबतं?

निवृत्त_मास्तर

आजोबा विसंबतात.

वसईचा_पाहुणा

माझं दीक्षेबद्दलचं मत कायम. पण ज्यानं स्वतः माळ ओवली त्याला आजोबांनी काय म्हणायला हवं होतं, हे मला सांगता येत नाही.

दोन्ही_गावची

सासऱ्यांना फोन केला. @माजी_माळकरी, तुमचं ते वाक्य जवळजवळ तसंच बोलले मी. आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या घरात तू म्हणशील तसं, सूनबाई. पर उतरिवली तर खुंटीला अडकीव. टाकू नगंस. आनि त्याला म्हणावं आबा इचारनार न्हाईत." पोराला स्पीकरवर ऐकवलं. त्यानं मान हलवली आणि खेळायला गेला. माळ गळ्यातच आहे. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून आठवडाभर भांडी विसळतोय.

आणि एक राहिलं. हे सगळं माझ्या आईला मालवणला सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती बराच वेळ काही बोलली नाही, मागे कपबशीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मगे दिवाळीक येतलो तेव्हा मी तेका काय शिकवू?"