चार डिस्कचा नॅस: रेड ५ करू की दुसरं काही?

प्रश्न:
उद्यमबागेत सीएनसीचं जॉबवर्क आहे. कॅड ड्रॉइंग, प्रोग्रॅम, टॅली धरून २ टीबी डेटा. चार खणांचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा डिस्कचा डबा) आणि ४ टीबीच्या चार डिस्क घ्यायचं चाललंय. दुकानदार म्हणतो रेड ५ करा (चारही डिस्क एकत्र जोडायच्या, एक गेली तरी डेटा टिकतो), १२ टीबी मिळेल. ऑफिसला इन्व्हर्टर आहे. काय करू?

उत्तर १:
२ टीबीला १२ टीबी कशाला? रेड ५ मधली एक डिस्क गेली की नवीन भरताना उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्यात न वाचता येणारा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) निघाला की हे भरणं, म्हणजे रीबिल्ड, अडकू शकतं. दोन डिस्कचा रेड १ करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. ३.६ टीबीच दिसेल, घाबरू नका, मोजायची रीत वेगळी. उरलेल्या दोन यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला: एक ऑफिसात, एक घरी, दर आठवड्याला अदलाबदल. चुकून फोल्डर डिलीट झालं तर रेडमध्ये ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. रॅन्समवेअरचंही (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) तेच, म्हणून कॉपी झाली की बॅकअपची डिस्क काढूनच ठेवायची.

उत्तर २:
डेटाशीटमध्ये सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) लिहिलेलीच डिस्क घ्या. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क रीबिल्डच्या सलग लिखाणात इतकी मंदावते की कधीकधी नॅस तिला बाद करतो. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरशी बराच वेळ झटत बसते. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत सोडून देते आणि तो भाग जोडीच्या डिस्कवरून वाचला जातो.
शिवाय प्रत्येक ट्रेवर सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा. काही सॉफ्टवेअर डिस्क ० पासून मोजतात, खण १ पासून असतात. मग बिघडलेली राहते आत आणि चांगली येते हातात.

उत्तर ३:
इन्व्हर्टरवर विसंबू नका. लाईट गेली की बॅटरीवर यायला त्याला क्षणभर लागतो, तेवढ्यात नॅस बंद पडू शकतो, आणि बॅटरी संपत आल्याचं तो नॅसला सांगत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस पुरे, पण यूएसबी पोर्टवाला आणि तुमच्या नॅसला चालणाऱ्या यूपीएसच्या यादीतला बघा, म्हणजे नॅस आपणहून शटडाऊन होईल. वळवाच्या विजांत लॅन केबलमधूनही झटका येतो, तेव्हा एक बॅकअप वायरीपासून लांब हवाच. टॅलीतले जीएसटीचे हिशेब तर वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात की हो.

प्रश्नकर्ता:
रेड १ मध्ये पुढे जागा संपली तर?

उत्तर १:
बॅकअप घेऊन एक डिस्क काढा, ८ टीबीची घाला, रीबिल्ड पुरतं होऊ द्या. ४ टीबी भरायला ताशी अर्धा टीबी धरला तरी आठ तास, काम चालू असेल तर जास्तच. मग दुसरी बदला आणि शेवटी व्हॉल्यूम (वापरायची जागा) वाढवा. दोन्ही एकदम काढू नका.